कार्ड फक्त मुलीचेच का?

चंद्रपूर जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. माझी तीन एकर धानाची शेती आणि एक लहान किराणा दुकान आहे. धाकटा मुलगा सतरा वर्षांचा असून त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, पॅटर्न एसएस. थोरली मुलगी चोवीस वर्षांची, पदवीधर, पतसंस्थेत नोकरीला आहे. तिचा एएस पॅटर्न निघाला. मुलाचे दुखणे कळले तेव्हा पत्नीची तपासणी झाली, तीही एएस निघाली. तेव्हापासून हे दुखणे तिच्या माहेरून आले असे आमच्या घरात बोलले जाते आणि ती सोयऱ्यांच्या लग्नांना जायचीही टाळते. आता मुलीला चांगले स्थळ आले आहे. पाहणे झाले, पसंती झाली, साक्षगंधाची तारीख ठरण्याआधी मुलाकडच्यांनी मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्ड मागितले. मुलाची तपासणी झाली आहे का असे विचारले तर ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ असे उत्तर आले. मुलीचे मामा म्हणतात की कार्ड हरवले म्हणून सांगा, पोरगी धडधाकट आहे. आरोग्य केंद्रातील डॉक्टर म्हणाले, ‘एएसने एएसशी लग्न करायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.’ लपवावे की सांगावे? आणि पुढे माझ्या मुलाचे कसे होणार?

उत्तर :

लपवू नका. मात्र नवऱ्या मुलाची तपासणी होईपर्यंत मुलीचे कार्ड बैठकीत ठेवूही नका. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात जाताहेत असे तुम्हाला वाटेल, म्हणून त्यांचा खुलासा जरा सविस्तर करते.

मुलीच्या कार्डावर एएस लिहिले आहे याचा अर्थ असा की हिमोग्लोबिन तयार करण्याची जी सूचना प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळते, त्या दोन सूचनांपैकी तिची एक नेहमीची आणि एक बदललेली आहे. बदल फार लहान आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदलते आणि त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. दोन्ही सूचना बदललेल्या असल्या, म्हणजे तुमच्या मुलासारखा एसएस पॅटर्न असला, तर ऑक्सिजन कमी होताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात; त्याची हाडे फुटल्यासारखी दुखतात आणि डोळे पिवळे दिसतात ते यामुळेच. एक सूचना नेहमीची असली की एरवीच्या जगण्यात हे घडत नाही. तुमची मुलगी आजारी नाही, वय वाढले म्हणून तिचा एएस पुढे एसएस होणार नाही आणि त्यासाठी तिला कोणतेही औषध लागत नाही. भूल देण्याची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगावे, उन्हात कष्टाचे काम असेल तेव्हा पाणी कमी पडू देऊ नये आणि कधी लघवीतून रक्त गेलेच तर कार्ड दाखवावे, इतकीच तिने घ्यायची काळजी आहे. तेव्हा मामा ‘पोरगी धडधाकट आहे’ असे म्हणतात ते शंभर टक्के खरे आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

तो का चुकीचा, हे समजावण्यासाठी समुपदेशनाच्या खोलीत मी चार मणी ठेवते, दोन पांढरे आणि दोन लाल. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येकाच्या मुठीत एक पांढरा आणि एक लाल मणी देते आणि डोळे मिटून प्रत्येकाने एकच मणी टेबलावर ठेवावा असे सांगते. दोन्ही लाल पडले तर बाळ एसएस, दोन्ही पांढरे पडले तर निरोगी, एक-एक पडले तर आईवडिलांसारखेच एएस, म्हणजे वाहक. चार शक्यतांपैकी एक आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण निरोगी. इथपर्यंत सगळ्यांना कळते. मग दुसऱ्या बाळासाठी पुन्हा मणी टाकायला सांगितले की बहुतेक जोडपी पहिले दोन मणी टेबलावरच राहू देतात, कारण ‘चारात एक’ म्हणजे एक आजारी झाले की पुढची तीन सुखरूप असा त्यांचा समज झालेला असतो. मी ते मणी उचलून पुन्हा त्यांच्या मुठीत देते. प्रत्येक गरोदरपणात मुठीत दोन्ही मणी परत असतात. ‘पंचवीस टक्के’ हा आकडा आम्ही डॉक्टर मंडळी इतक्या वेळा उच्चारतो, पण समोरच्याच्या मनात तो कसा जाऊन बसला हे फारच थोडे जण तपासून पाहतात.

आता नवऱ्या मुलाकडे या. तो एए असेल, म्हणजे त्याच्या मुठीत दोन्ही पांढरे मणी असतील, तर तुमच्या मुलीच्या पोटी एसएस बाळ जन्माला येऊच शकत नाही. प्रत्येक बाळ वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि पूर्ण निरोगी असण्याची निम्मी. म्हणजे मुलीचे कार्ड एकटे वाचून भावी संसाराबद्दल काहीही कळत नाही, ते दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवले तरच त्याला अर्थ येतो. एका बाजूचे कार्ड मागून दुसऱ्या बाजूचे रक्तही काढू न देणे ही आरोग्याची काळजी म्हणता येत नाही. खरी काळजी असती तर त्यांनी सर्वांत आधी आपल्या मुलाला तपासणीला पाठवले असते. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ या वाक्यालाही काही आधार नाही, कारण वाहकाला एरवी कसलाच त्रास नसल्याने बदललेले जनुक चार-चार पिढ्या कुणाच्याही नजरेत न येता चालत राहते आणि दोन वाहक एकत्र आले की मगच ते दिसते. तुमच्या घरात मुलगा आजारी पडेपर्यंत तुम्हाला तरी कुठे माहीत होते?

तपासणी कोणती करायची, हेही लिहून ठेवा. शिबिरात किंवा उपकेंद्रात पहिल्यांदा होते ती सोल्युबिलिटी चाचणी. काचेच्या नळीतल्या रसायनात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. चाळणी म्हणून ही चाचणी उत्तम आहे, पण ती एएस आणि एसएस यांत फरक करीत नाही, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तिला दिसतच नाही. मुलगा सिकलसेलसाठी निगेटिव्ह आला आणि प्रत्यक्षात थॅलेसेमियाचा वाहक असला, तर तुमच्या मुलीच्या बदललेल्या, म्हणजे ‘एस’ जनुकासोबत ते जनुक येऊन बाळाला एसएससारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून नवऱ्या मुलाची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी झाली पाहिजे. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करा. गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवले असेल तर ते आधी सांगायचे, नाहीतर दात्याच्या रक्तामुळे अहवाल फसवा येतो.

आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या वाक्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तुमच्यासारखे कितीतरी पालक तेवढे एकच वाक्य हातात घेऊन घरी जातात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण दारात साठ रुग्णांची रांग असताना आनुवंशिकतेचे गणित एका वाक्यात बसवावे लागते हे मीही अनुभवले आहे. त्यांना दिसते ते गणित: वाहक-वाहक विवाह टळले की एसएस बाळे जन्मणार नाहीत. गावाला ऐकू येते ते वेगळेच: एएस म्हणजे लग्नाला अपात्र. डॉक्टरांनी सांगितलेला नियम दोन कार्डांचा होता, गावाने तो एका माणसाला चिकटवला, आणि आमच्या व्यवस्थेने मध्ये येऊन ही गफलत दुरुस्त केली नाही.

ही गफलत केवळ आपल्याकडची नाही. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचे एक गाव आहे, जिथे पूर्वी मलेरिया फार होता आणि जवळजवळ चौथा हिस्सा लोक सिकलसेलचे वाहक होते. तिथे सगळ्यांची तपासणी करून वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये असा सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, संशोधकांनी मागे वळून पाहिले तेव्हा वाहक-वाहक विवाह कमी झालेले नव्हते आणि आजारी बाळे तपासणीशिवाय जेवढी जन्मली असती जवळपास तेवढीच जन्मली होती. वाहक म्हणवले जाणे हाच डाग ठरल्यामुळे घरांनी लग्नाच्या बोलणीत ती गोष्ट लपवली होती. तुमच्या मेहुण्यांनी दिलेला सल्ला तिथल्या मामांनी कितीतरी आधी देऊन पाहिलेला आहे. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला, अनेक राज्यांनी तपासण्या सक्तीच्या केल्या, आणि वाहक व आजारी यांतला फरक नीट न सांगितल्यामुळे धडधाकट वाहक कृष्णवर्णीयांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तिथल्या वायुसेनेच्या अकादमीने तर १९८१पर्यंत वाहकांना प्रवेशच दिला नाही.

सायप्रसमध्ये मात्र वेगळे घडले. तिथे थॅलेसेमियाचे वाहक फार. १९८३पासून चर्चमध्ये लग्न लावण्याआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, पण त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसे. दोघांचीही तपासणी झाली आहे आणि दोघांनाही समुपदेशन मिळाले आहे, एवढेच त्यावर असे. निकाल त्या दोघांपुरता राहिला. दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी फारच थोड्यांनी लग्न मोडले, बाकीच्यांनी लग्न केले, गर्भाची तपासणी करून घेतली, आणि तरीही काही वर्षांत थॅलेसेमियाच्या बाळांचे जन्म जवळजवळ थांबले. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्या कागदावरची कोरी जागा. तुमच्या घरच्या बैठकीतही तेवढी जागा कोरी ठेवता आली पाहिजे.

आपल्याकडे डागाला आणखी एक पदर आहे, तो न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतात सिकलसेलचे वाहक प्रथम नोंदले गेले ते १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. मध्य भारतातील नोंदी त्याच दशकात पुढे आल्या. तेव्हापासून हा ‘आदिवासींचा’ आणि आपल्या विदर्भात ‘आदिवासी-बौद्धांचा’ आजार म्हणून ओळखला गेला. या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरेच आहे आणि म्हणून सेवा तिथे आधी पोहोचायला हव्यात हेही खरे, पण हे जनुक कोणाच्या जातीने आणलेले नाही. जिथे जिथे शतकानुशतके मलेरियाने माणसे मारली तिथे तिथे ते वाढले, कारण एएस असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्या झाडीपट्टीत एकच कारण आहे. तुमच्या मुलीच्या कार्डावरचा एस हा जंगलाच्या काठावर तापाशी झुंजत जगलेल्या पूर्वजांकडून आलेला आहे. तो जातीच्या आत टिकून राहिला, कारण आपण लग्ने जातीच्या आतच करीत आलो. आणि ‘हा अमक्यांचा आजार’ अशी समजूत झाल्याने इतर समाजांतील रुग्ण बालके वर्षानुवर्षे कावीळ किंवा संधिवात समजून झाडपाल्यावर ठेवली जातात, हे मी स्वतः पाहिले आहे.

शासनाच्या शब्दांचाही इथे संबंध येतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम आवश्यकच आहे, तिच्यामुळे गावोगाव तपासणी पोहोचली. पण तुमच्या मुलासारखा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या भिंतीवर ‘सिकलसेल निर्मूलन’ वाचतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार आम्हा आरोग्य क्षेत्रातील लोकांनी करायला हवा. निर्मूलन आजाराचे करायचे आहे आणि आजारी माणसाला दीर्घकाळ जगवायचे आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच भिंतीवर लिहिलेली असावीत असे मला मनापासून वाटते.

लपवण्याचे काय होते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते. काही वर्षांपूर्वी नऊ महिन्यांचे बाळ घेऊन एक तरुण आई आली होती. बाळाचे दोन्ही हात मनगटापासून पुढे फुगलेले, बोटे लाडवासारखी गोल झालेली, आणि हात लावताच ते किंचाळत होते. सासूने आठ दिवस नजर उतरवली होती, मनगटाला काळा दोरा बांधला होता आणि सूज वाढल्यावर तो दोरा मांसात रुतला होता. सिकलसेलच्या बाळाच्या आजाराची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. रक्त तपासायला पाठवताना मी आईला कार्डाबद्दल विचारले, तेव्हा तिने सासूकडे पाहिले आणि खाली मान घातली. तिचा एएस तिच्या वडिलांना ठाऊक होता, तिलाही ठाऊक होता, आणि लग्नात तो सांगायचा नाही असे घरात ठरले होते. पुढे नवऱ्याचीही तपासणी झाली, तोही एएस निघाला, म्हणजे बाळाच्या दुखण्यात दोघांचा वाटा अगदी सारखा होता. तरी सगळा राग तिच्यावर निघाला, कारण तिच्या बाजूला आजाराशिवाय एक खोटेपणही होते. तो खोटेपणा तिच्या वडिलांनी प्रेमापोटी केलेला होता, हे त्या घरात कुणाला पटणार?

आता तुम्ही काय करावे. तुमच्या पत्रात मामांचे मत आहे, डॉक्टरांचे आहे, मुलाकडच्यांचे आहे, पण तुमच्या मुलीचे मत एका ओळीतही नाही. ती चोवीस वर्षांची आहे, स्वतः कमावती आहे, आणि ते कार्ड तिचे आहे. तिच्या रक्ताची माहिती कुणाला, केव्हा आणि किती सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. तुमचा अधिकार तिच्या पाठीशी उभे राहण्याचा. आधी तिच्याशी बोला, तिला एएसचा अर्थ नीट माहीत आहे का ते पाहा, नसल्यास तिला घेऊन समुपदेशकाकडे जा. तिने होकार दिला तर पुढची पायरी अशी असावी की मुलाने आणि मुलीने एकमेकांशी स्वतः बोलावे. वडीलधाऱ्यांची बैठक त्यानंतर. मुलीने त्याला सांगावे की माझा पॅटर्न मला माहीत आहे आणि मी तो तुला सांगणार आहे. तू तुझी तपासणी करून घे, मग दोघांचे अहवाल घेऊन आपण एकत्र समुपदेशकासमोर बसू. यात लपवाछपवी नाही आणि गयावयाही नाही. आरोग्य केंद्रातील आशाताई तुमच्या ओळखीच्या असतील तर मुलाकडच्या गावातील आशाताईंमार्फत तपासणीचा निरोप गेला तर अधिक बरे, कारण मुलीच्या बापाने मुलाची तपासणी मागितली की तो मानापमानाचा विषय होतो आणि तीच गोष्ट आरोग्य विभागाने सांगितली की नियम ठरते. हे न्यायाचे नाही, पण सध्या असेच आहे.

मुलगा तपासणीला नाहीच म्हणाला तर? तर त्याच्याबद्दल आजच एक गोष्ट कळली असे समजा. स्वतःच्या होणाऱ्या बाळासाठी एक नळी रक्त न देणारा माणूस पुढे दवाखान्याच्या वाऱ्या कशा करील, हा प्रश्न मुलीने स्वतःला विचारावा आणि उत्तरही तिनेच द्यावे.

तो एएस निघाला आणि तरीही दोघांना लग्न करायचे असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, कोणताही कायदा त्याआड येत नाही. अशा जोडप्याने लग्नानंतर आणि गरोदर राहण्याआधी दोघांची जनुकीय तपासणी करून ठेवावी. गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळ एसएस आहे का हे कळू शकते, आणि लिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४चा कायदा अशा आनुवंशिक आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. मुंबईतील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत हे काम होते आणि तिचे एक केंद्र तुमच्या चंद्रपुरातच आहे, तेव्हा तिथे जाऊन चौकशी करणे तुम्हाला अवघड नाही. निदानानंतर काय करायचे हे जोडप्यावर सोडावे. काही जण गर्भपाताचा निर्णय घेतात, काही जण बाळ वाढवायचे ठरवतात आणि जन्मापासून उपचार सुरू करतात. या दोन्ही निर्णयांतील माणसे मी पाहिली आहेत आणि कुणाचाच निर्णय सहज झालेला नव्हता.

तुमच्या मुलाविषयी. ‘पुढे त्याचे कसे होणार’ या तुमच्या प्रश्नामागे त्याच्या लग्नाची काळजी आहे असे मला वाटले, पण त्याआधी त्याचे उपचार येतात. तो हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. घेत नसेल तर या महिन्यातच जिल्हा रुग्णालयातील सिकलसेल विभागात न्या. ठरावीक मात्रेत, मधूनमधून रक्त तपासत घेतलेल्या या औषधाने दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज पुष्कळांत कमी होते. न्युमोनियाची लस झाली आहे का पाहा, फॉलिक ॲसिड चालू ठेवा, पाण्याची बाटली सतत जवळ असू द्या, आणि ताप आला तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखून दम लागला, एकाएकी एका बाजूची शक्ती गेली किंवा पोटात डावीकडे एकदम फुगले तर रात्र असली तरी निघा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे तपासणीत पात्र ठरल्यास त्याला प्रमाणपत्र मिळू शकते. एसटी प्रवासाची सवलतही आहे. यंदा त्याची बारावी असेल, तर परीक्षेतील सवलतीसाठी शाळेत वेळेवर अर्ज द्या.

आणि लग्नाचे म्हणाल, तर मणी पुन्हा हातात घ्या. त्याच्या मुठीत दोन्ही लाल आहेत. एए मुलीशी त्याचे लग्न झाले तर होणारे प्रत्येक मूल वाहक असेल आणि एकही एसएस असणार नाही. ज्याला सोयरिकीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे केले जाते, त्याच्या मुलांबद्दल इतके निश्चित सांगता येते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. त्याच्या स्वतःच्या तब्येतीची अनिश्चितता मात्र त्याच्या जोडीदाराला आधी सांगितलीच पाहिजे, आणि मूल हवे असेल तेव्हा हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांशी बोलले पाहिजे. तुमच्याकडे बहिणीच्या कार्डावरून बैठका होत असताना तो कुठे असतो? आतल्या खोलीत असेल तर सगळे ऐकत असेल. त्याच्याशी या विषयावर मोकळेपणाने एकदा तरी बोला. या घरात आपल्यामुळे बहिणीचे लग्न अडते आहे, असे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असू शकते.

शेवटी तुमच्या पत्नीबद्दल. तुम्ही लिहिले आहे की तिची तपासणी झाली, मुलीची झाली, मुलाची झाली. तुमची झाली असे कुठेही लिहिलेले नाही. मुलगा एसएस आहे, म्हणजे त्याच्या दोन लाल मण्यांपैकी एक आईकडून आला आणि दुसरा तुमच्याकडून. तो दुसरीकडून येऊच शकत नाही. हे सांगायला रक्त तपासण्याचीही गरज नाही, तरी तपासा. सोमवारी आरोग्य केंद्रात जा, स्वतःचे कार्ड काढा आणि घरी आल्यावर ते पत्नीच्या हातात द्या. मग ज्या बैठकीत मुलीच्या पॅटर्नचा विषय निघेल, तिथे सगळ्यांत आधी, कुणी मागण्यापूर्वी, तुमचे कार्ड ठेवा.